पंचेचाळीसची माझी, अडतीसची तिची

१२ मे, शनिवार

रायफल अकराशे डॉलरला पडली असं मी माझ्या दोस्ताला, हार्लनला सांगितलं. ते खोटं नाही, चिठ्ठीवर तोच आकडा आहे. खरी किंमत मात्र इथेच लिहितो. जोडीतली दुसरी रायफलही घ्यावी लागली, कारण विकणारा म्हातारा जोडी फोडायला तयार नव्हता. तिचे नऊशे. घरी आल्यावर मार्लिसला स्वयंपाकघराची नवी फरशी कबूल केली. तरी ती काही बोलेना. बायको ओरडली तर मला सुचतं, गप्प राहिली की माझं डोकं चालत नाही. त्या गडबडीत मी तेही कबूल केलं, जे मार्चपासून टाळत होतो: यंदा पहिलं दव गोठेपर्यंत तिचं मन बदललं नाही, तर घर विकून तिच्या बहिणीच्या गावी, ॲरिझोनाला, कायमचं जायचं. मी मुकाट सही करीन.

म्हणजे रायफल पडली दोन हजार डॉलर, एक फरशी आणि बहुतेक आमचं अख्खं वायोमिंग.

मार्लिसचंही चुकत नाही. "चाळीस हिवाळे मी तुझ्या टायरच्या दुकानात बोटं गोठवली, वेंडेल," ती म्हणाली होती. "आता मला ऊन हवं." दुकान मी एका जॅकवर आणि मागून आणलेल्या पंपावर उभं केलं, हे मी सगळ्यांना सांगतो. ट्यूब धरून बसायला ती होती, हे सांगायचं राहून जातं.

पण रायफल काय आहे! पितळी अंग, अष्टकोनी नळी. चापाभोवतीची कडी खाली ढकलली की उडालेल्या काडतुसाचं रिकामं पितळ वरून उडतं, वर ओढली की नवं काडतूस आत. आणि ती पंचेचाळीस कॅलिबरची आहे, माझ्या जुन्या रिव्हॉल्व्हरचंच काडतूस खाते. एक पट्टा, एकच काडतूस, दोन्ही बंदुका. दीडशे वर्षांपूर्वी घोड्यावरच्या माणसाला जे सुख होतं ते मला पासष्टाव्या वर्षी मिळालं.

दुसरी अडतीसची. हलकी, धक्का नाममात्र. "ही खास तुझ्यासाठी," असं मी मार्लिसला म्हणालो. तिने रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "बरं. कपाटात माझ्या कोटांच्या मागे ठेव."

२० मे, रविवार

नेमबाजीच्या क्लबचा यंदाचा पहिला सामना: पोलादी पाट्यांवर बार काढायचे, ज्याचा वेळ कमी तो पुढे. आमच्या क्लबात सगळे जुन्या काळचे कपडे घालून येतात आणि प्रत्येकाला एक टोपणनाव असतं. खऱ्या नावाने हाक मारली तर लोक ओ देत नाहीत. मी 'पंक्चर'. हार्लन चाळीस वर्षं लोकांच्या जमिनीत विहिरी खोदत होता, म्हणून तो 'कोरडं भोक'. हल्ली तो जमिनीची आणि घरांची दलालीही करतो.

मार्लिस विणकाम घेऊन आली आणि गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी बसली. मला वाटलं कंटाळेल. कंटाळली नाही, पण प्रश्न फार विचारले. तो माणूस हातात काठी घेऊन का उभा आहे? (चुकलेले बार मोजायला.) ती बाई घाई करत नाही, तरी तिचा वेळ कमी कसा? (नशीब.) तू कडी अर्धीच का ढकलतोस?

"अर्धी नाही ढकलत," मी म्हणालो.

"दोनदा ढकललीस. मग ती अडकली. मग तू तिला शिवी दिलीस."

हार्लनला तेवढंच हवं होतं. "वहिनी, तुम्ही पंच व्हा," तो म्हणाला. "आमचे पंच शिव्या मोजत नाहीत."

९ जून, शनिवार

आज मोठं काम केलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर पंचेचाळीस पूर्ण उघडली आणि आतल्या पट्ट्यांना कानसेने, मग बारीक कागदाने, मग तेलाने असं गुळगुळीत केलं की कडी आता स्वतःच्याच वजनाने खाली पडते. काडतुसावर आपटणाऱ्या घोड्याची स्प्रिंगही घासून पातळ केली. क्लबातले सगळे करतात. घोडा हलका तर कडी हलकी, आणि कडी हलकी तर वेळ कमी.

मार्लिस पीठ मळत होती. "किती हलकं करणार आहेस?"

"लोण्यासारखं."

"लोण्याने खिळा ठोकता येतो का?"

बायकांना यंत्रातलं सांगणं कठीण. मी तिला समजावलं की घोड्याला फक्त काडतुसाच्या बुडावरची टोपी फोडायची असते, तेवढं बळ पुष्कळ आहे. ती "असं होय" म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

कडी पन्नासदा हलवून पाहिली. या जिल्ह्यात माझ्याइतक्या झपाट्याने ती कुणी हलवत नसेल. हे लिहून ठेवतो: सप्टेंबरच्या मोठ्या सामन्यात माझ्या पुढे कुणी नसेल. हार्लनलाही फोन करून सांगितलं.

"तुझ्या पुढे कुणी नसेल, गड्या," तो म्हणाला, "कारण सगळे जेवायला गेलेले असतील."

१६ जून, शनिवार

अडतीसची रायफल जरा पाहावी म्हणून हार्लनच्या वाळूच्या खाणीवर नेली. पहिला बार सुरेख. दुसऱ्याला कडी अडकली. उघडून बघतो तर आत एकाच्या पाठीवर दुसरं काडतूस डोकं काढून बसलेलं. बाहेर काढलं, पुन्हा तेच. काडतुसं मीच भरलेली, तेव्हा दोष रायफलीचा, हे उघड आहे. म्हाताऱ्याला जोडी का फोडायची नव्हती ते आता कळलं. बिघडलेली गाय चांगल्या गाईबरोबर खपवली.

परत कोटांच्या मागे ठेवली. मार्लिसला म्हणालो, "तुझ्या रायफलीत काही राम नाही."

"माझ्या?" ती म्हणाली. "अगं बाई." आणि हसली.

२६ जून, मंगळवार

घरात चोर आहे. गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं माझं यंत्र आहे, त्यावर गोळी पितळात किती खोल बसवायची ते ठरवणारा स्क्रू असतो. तो कुणीतरी फिरवलाय. गोळी थोडी बाहेर राहतेय, काडतूस लांब झालंय. शिवाय अडतीसचा डबा हलका वाटला. पंचेचाळीसच्या डब्याला हात नाही.

हार्लन रविवारी बीअर प्यायला आला होता तेव्हा गॅरेजमध्ये बराच वेळ होता. फोन केला.

"तू माझं यंत्र हलवलंस?"

"मी तुझ्या यंत्राला नमस्कारसुद्धा करत नाही," तो म्हणाला. मग उगीच म्हणाला, "नीट चालतंय ना आता?"

हा 'आता' मला खटकला. माझे कान अजून तीक्ष्ण आहेत. ट्रकचं कुठलं चाक हवा सोडतंय ते मी दुकानाच्या आतून सांगायचो. स्क्रू जागेवर आणून ठेवला.

२८ जून, गुरुवार

स्क्रू पुन्हा फिरलाय.

४ जुलै, बुधवार

मिरवणूक, मक्याची कणसं, मुलांचे फटाके. रूबेनने (दुकान आता त्याचं आहे) मला सरळ तोंडावर सांगितलं की मी रोज येऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो त्याने काम मागे पडतं. म्हणालो, मी होतो तेव्हाही गप्पा मारूनच काम चालायचं. म्हणाला, "तेव्हा मार्लिस मागे काम करत होती, साहेब." हसलो. काय करणार.

मार्लिसने बिनबाह्यांचा झगा घातला होता. उजव्या खांद्यापाशी पिवळे-जांभळे डाग. विचारलं तर म्हणाली, कपाटाचं दार लागलं. नखांतही काळं होतं. बीट सोललं असेल.

मग एक ऐकलं. लिंबू सरबताच्या रांगेत हार्लन आणि ती माझ्याकडे पाठ करून उभे होते. हार्लन म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही." आणि ती म्हणाली, "कळलं तर तो मला शिकवायला लागेल." दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. पहिल्याचा लागला. हार्लन घरांची दलाली करतो.

माझं घर माझा दोस्त विकतोय, आणि मी त्याच्या ताटात कणीस वाढलं.

१४ जुलै, शनिवार

ठरवलं, विचारायचं नाही. शब्द मी दिलाय, त्या दिवशी तिने मागितला नव्हता. दव अजून दूर आहे.

दुपारी उत्तरेकडचं कुंपण दुरुस्त करत होतो. टेकडीपलीकडे हार्लनच्या वाळूच्या खाणीत कुणीतरी बार काढत होतं. खिळा तोंडात धरून ऐकत राहिलो. अडतीस होती, तो कोरडा टणक आवाज मी झोपेतही ओळखेन. हार्लन चव्वेचाळीसची वापरतो, तेव्हा तो नव्हे. दहा बार, एकसारख्या अंतराने, घाई नाही, आणि दर बारानंतर पोलादी पाटीचा टणत्कार. मध्ये एकदाही कडी अडकली नाही. पुतण्या आलाय असं हार्लन म्हणत होता, तोच असेल. पोराचा हात फार चांगला आहे. शिकवणाराही शहाणा असला पाहिजे, आधी नेम बसवला, वेग मागून आणला. आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना हे कळत नाही.

संध्याकाळी मार्लिसला सांगितलं. "कोण आहे कोण जाणे, पण घड्याळासारखा हात आहे."

तिचा चेहरा एकदम लाल झाला. चुलीजवळ उभी होती. "खरंच चांगला वाटला?"

"माझ्याइतका वेग नाही. पण सुंदर."

तिने मला ॲपल पायचा दुसरा तुकडा न मागता वाढला.

११ ऑगस्ट, शनिवार

क्लबात आज मी अकरा पाट्या चुकलो. वारा होता. मार्लिस आता टेबलाशी बसत नाही, हातात काठी घेऊन बार मोजते. माझे चुकलेले तिने मोजले. बाकीचे पंच एखादी पाटी सोडून देतात, ही सोडत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी तिचा बहिणीला, कॉलीनला फोन. मी पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो. "जानेवारीत? दर शनिवारी? सगळा हिवाळा?" असं म्हणून ती मुलीसारखी खिदळली. इतकी खुशीत तिला मी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तिकडे ऊन असतं दर शनिवारी. रविवारीही असेल.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती हसताना कानशिलापाशी बोट टेकवते, ते मी विसरलोच होतो.

२५ ऑगस्ट, शनिवार

ॲरिझोनाचा नकाशा आणला. गॅरेज आवरायला घेतलं. काय न्यायचं, काय विकायचं. पंचेचाळीस न्यायची. रिव्हॉल्व्हर न्यायचं. यंत्र न्यायचं, त्या बेइमान स्क्रूसकट.

बाहेर उभा राहून बराच वेळ डोंगरांकडे बघितलं. मग म्हटलं, या बाईने माझ्याकडे चाळीस वर्षांत एक गोष्ट मागितली, ऊन. ते काही मी बनवत नाही, तिकडे फुकट मिळतं. सही करताना तोंड वाकडं करायचं नाही. आरशासमोर सराव केला. मार्लिस मागून आली.

"काय करतोयस?"

"चेहरा."

"तो आहे तसाच राहू दे," ती म्हणाली. "मला सवय झालीय."

७ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या मोठा सामना. हार्लनने नावांची यादी क्लबाच्या दारावर लावली. ओळखीचीच मंडळी, फक्त शेवटी एक नवं नाव: 'होऊ घातलेली विधवा'.

"ही कोण?" मी विचारलं.

"नवी आहे. बाहेरगावची नाही," हार्लन म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

"नवरा आजारी आहे का बिचारीचा?"

"ठणठणीत आहे. पण अक्कल बेताची."

म्हटलं, असल्या माणसाच्या बायकोचं दुःख मी समजू शकतो.

मार्लिस म्हणाली, तू पहाटे पुढे जा, मी ॲपल पाय भाजून मागून येते.

८ सप्टेंबर, शनिवार

सगळं आजच लिहितो.

सकाळी गवतावर पांढरं होतं. बूट टेकवला, कुरकुरलं. पहिलं गोठलेलं दव. आज संध्याकाळी मार्लिसला सांगायचं की मी तयार आहे, असं मनाशी म्हटलं, आणि आधी जिंकायचं.

पहिली फेरी. घड्याळ वाजलं, पंचेचाळीस खांद्याला लावली, पहिली पाटी, चाप ओढला.

टिक.

कडी ढकलली. चांगलं भरलेलं काडतूस गवतात पडलं. दुसरं. टिक. तिसरं वाजलं, माझं मलाच आश्चर्य वाटलं. चौथं टिक. कडी मात्र लोण्यासारखी चालत होती, त्यात खोट नाही. जिल्ह्यात माझ्याइतक्या वेगाने न उडालेली काडतुसं जमिनीवर कुणी टाकली नसतील. मागे काठीवाल्यांनी मोजायचं सोडून हसायला घेतलं.

हार्लनने एक काडतूस उचलून बूड पाहिलं. टोपीवर घोड्याची नुसती टिचकी उमटली होती. "स्प्रिंग," तो म्हणाला. "किती घासलीस, लेका? दाढी करायची होती का तिने?"

या टोप्या जरा कडक निघाल्या. ऑगस्टपर्यंतच्या मऊ होत्या. पण लोण्याने खिळा ठोकता येतो का, हा मार्लिसचा प्रश्न मला आठवला.

आमच्यात एक रीत आहे. एखाद्याची बंदूक मोडली तर जो जवळ असेल तो आपली बंदूक काडतुसांसकट त्याच्या हातात ठेवतो, मग त्याने तिनेच मालकाला हरवलं तरी हरकत नाही. मी मान खाली घालून उभा होतो. हार्लन चव्वेचाळीस पुढे करणार, तेवढ्यात मधे काळ्या हातमोज्यातला एक हात आला. काळा घोळदार झगा, टोपीवरून हनुवटीपर्यंत काळी जाळी. ती विधवा. हातात पितळी अंगाची रायफल.

रायफल मी आधी ओळखली. बायको नंतर.

"घे," जाळीच्या आतून आवाज आला. "धक्का नाममात्र आहे. खास माझ्यासाठी घेतलेली."

"मार्लिस!"

"मार्लिस घरी ॲपल पाय भाजतेय."

"ही अडकते! दोन-दोन काडतुसं एकावर..."

"तू गोळी फार खोल बसवत होतास. काडतूस आखूड पडतं, मग मागचं त्याच्या पाठोपाठ आत घुसतं. मी स्क्रू फिरवला. तू परत फिरवलास. मी परत फिरवला. वेंडेल, लोक थांबलेत."

तिचीच काडतुसं, तिच्या पट्ट्यातली. खांद्याला लावली. एकही अडकलं नाही. मी मध्येच थांबलो, कारण टेकडीपलीकडून ऐकलेला तो कोरडा टणक आवाज आता माझ्या स्वतःच्या गालाशी होता. हार्लनला पुतण्या नाही, हे तो सरळ सांगू शकला असता.

मग तिची पाळी. मी रायफल परत दिली आणि तिचं पितळ वेचायला उभा राहिलो. तिने घाई केली नाही. पाटी, कडी, पाटी, कडी. एक पाटी चुकली, ती नेमकी मी बघत होतो म्हणून, असं तिचं म्हणणं. बार संपल्यावर तिने जाळी वर केली, कानशिलापाशी बोट टेकवलं आणि हसली. मला ओरडायचं होतं. नुसतं पितळ तिच्या ओंजळीत ओतलं.

जेवणाला ट्रकच्या फळीवर बसलो. ॲपल पाय खराच होता, काल भाजलेला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शिकवायला लागला असतास."

ते वाक्य आता लागलं. "आणि हार्लनशी घराचं काय चाललं होतं?"

"कुठल्या घराचं? तो मला कोपर खाली ठेवायला सांगायचा."

मी घास गिळला. मग शब्द दिलाय तसा बोललो. "आज दव गोठलं. नकाशा आणलाय. सही करतो. तोंडही सरळ ठेवतो, बघ."

"वेंडेल, मेमध्ये मला ऊन हवं होतं."

"आणि आता?"

"आता जानेवारीतले सामने हवेत. कॉलीनच्या गावचा क्लब दर शनिवारी असतो, सगळा हिवाळा. इथे ऑक्टोबर ते एप्रिल रायफल कोटांच्या मागे."

"म्हणजे जायचंच."

"हिवाळ्यात. जून-जुलैत तिकडे पाटीला हात लागला तर फोड येतो. तेव्हा सामने कुठे असतात?"

"इथे," मी म्हणालो.

"मग घर कशाला विकायचं, मूर्खा?"

मी उठून हार्लनला मिठी मारली. तो म्हणाला, "सोड, माझी दलाली बुडाली." मार्लिसने त्याला ॲपल पायचा मोठा तुकडा दिला. मी कणसाचा राग परत घेतला.

९ सप्टेंबर, रविवार

सकाळी दोघांनी मिळून स्प्रिंग बदलली. तिने स्क्रू धरले, मी टॉर्च. नवी स्प्रिंग जाड आहे, कडी पहिल्यासारखी जड झालीय. मी घासायला कानस उचलली तर तिने ती घेऊन बिटाच्या टोपलीत ठेवली. यंत्र कुठे ठेवायचं यावर थोडं भांडण झालं, शेवटी ठरलं की हिवाळ्यात न्यायच्या ट्रेलरमध्ये मागे, स्क्रू तिच्या बाजूला. कॉलीनला फोन केला. ती म्हणाली, तिकडच्या क्लबात पुरुषही घेतात.

हार्लनने निकाल दारावर लावला. होऊ घातलेली विधवा सहावी. पंक्चर एकविसावा. नेमबाज एकूण एकवीस होते.